जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा ड्राइव्ह बेल्ट निवडताना : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका मराठी कुटुंबाने गावाबाहेर घर घेतलं. घराभोवती जवळजवळ दोन एकर गवताळ जमीन, तिला मागच्या बाजूने चढ. आधीच्या मालकाने शेडमधला जुना गार्डन ट्रॅक्टर तिथेच सोडला होता : १९७० च्या दशकातला, एक सिलिंडरचं १२ अश्वशक्तीचं कोहलर इंजिन, हाताने बदलायचे गिअर, खाली गवत कापायचा डेक आणि पुढे लावायला बर्फ ढकलायचं पातं. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होणारं.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की नांगरणीचं धूड डोळ्यांसमोर येतं. हा त्यातला नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांच्या कडेला मोठ्या अंगणांची घरं वाढली आणि त्यांच्यासाठी ही छोटी यंत्रं आली. व्हील हॉर्स कंपनी १९४६ मध्ये इंडियानातल्याच साउथ बेंडमध्ये सुरू झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ११० हे मॉडेल. ओतीव लोखंडाची इंजिनं, जाड पत्रा, दणकट गिअरबॉक्स. म्हणूनच पन्नास-साठ वर्षं झाली तरी ते चालताना दिसतात. आज दुकानात मिळणाऱ्या हलक्या लॉन ट्रॅक्टरपेक्षा मला ते कितीतरी अधिक जपण्यासारखे वाटतात. मात्र कंपन्या विकल्या गेल्या, काही नावं पुसली गेली. १९८६ मध्ये व्हील हॉर्स टोरो या कंपनीकडे गेली. कब कॅडेट १९८१ मध्येच एमटीडी या कंपनीकडे गेला होता. जुने पार्ट नंबर नव्या नंबरांत मिसळले, काही बंदच झाले. बेल्ट निवडताना नेमकी इथे अडचण होते.

या प्रकरणातल्या ट्रॅक्टरचं नाव आणि मॉडेल मी मुद्दाम गाळलं आहे. एक कारण मालकांची ओळख. दुसरं अधिक महत्त्वाचं : एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पुल्या बदललेल्या असतात. इथला नंबर वाचून कुणी तोच बेल्ट मागवला, तर ज्या चुकीपासून वाचवायला हे लिहितो आहे तीच चूक पुन्हा होईल.

मालक सॉफ्टवेअरमधले. यंत्रांची आवड आहे, सवय नाही. त्या उन्हाळ्यात त्यांचे वडील सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांची गावात बरीच वर्षं पिठाची गिरणी होती. फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर तांत्रिक सल्ला देणारा मी, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर.

अडचण

मे महिन्यात गवत जोरात वाढतं. डेक चालू ठेवून चढावर गेलं की इंजिनचा आवाज तसाच राहायचा, पण चाकं मंदावायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. सपाटीवर ट्रॅक्टर नीट चालायचा. डेकचा बेल्ट वेगळा होता आणि पाती जोरात फिरत होती, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्सकडे जाणारा ड्राइव्ह बेल्ट घसरत होता. इथवर निदान सोपं होतं.

या ट्रॅक्टरची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनच्या शाफ्टवर छोटी पुली, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर मोठी पुली, दोन्हींवरून एकच व्ही-बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा पट्टा. मध्ये स्प्रिंगने ओढून धरलेली आयडलर पुली बेल्टला ताण देते. क्लच प्लेट वगैरे काही नाही. पायाने पेडल दाबलं की आयडलर मागे हटतो, बेल्ट सैल पडतो, इंजिनची पुली आतल्या आत फिरत राहते आणि गिअरबॉक्सची थांबते. म्हणजे हा बेल्ट ताकद पोचवतो आणि तोच क्लचचं कामही करतो. त्याला घट्ट धरता आलं पाहिजे, आणि सांगितलं त्या क्षणी सोडताही आलं पाहिजे. दुकानातला माणूस लांबी-रुंदी विचारतो. सोडण्याबद्दल कुणीच विचारत नाही.

पहिला निर्णय : जुना बेल्ट मोजून नवा आणला

मालकांनी बेल्ट काढला. छापील नंबर झिजून गेला होता. टेपने बाहेरून मोजला तर ८३ इंच. वरची रुंदी १५ मिलिमीटरच्या आसपास. दुकानात रुंदी मिळते ती अर्धा इंच, नाहीतर त्यावरची, जिला बोलीत पाच अष्टमांश इंच म्हणतात. प्रत्यक्षात ती सुमारे १६.७ मिलिमीटर भरते. १५ मिलिमीटर दोन्हींच्या मधोमध. कडा झिजलेल्या दिसत होत्या, तरी मालकांना वाटलं की बेल्ट फुगून पसरला असावा. त्यांनी अर्ध्या इंचाचा ४एल ८३० घेतला. किंमत वीस डॉलरच्या आत.

या नंबरांची भाषा अशी : ४एल म्हणजे अर्धा इंच रुंद, ५एल म्हणजे त्याहून मोठा, आणि पुढचा आकडा बाहेरून मोजलेली लांबी, इंचाच्या दशांशात. ८३० म्हणजे ८३.० इंच. हे हलक्या कामाचे बेल्ट, घरगुती पंप-पंखे अशा लहान मोटरींसाठी ठरवलेले.

नवा बेल्ट घातला. पहिल्याच चढावर घसरला, आणि जुन्यापेक्षा जास्त. किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. मालकांना वाटलं स्प्रिंग ढिली झाली असेल. ते स्प्रिंग बदलायला निघाले होते.

तेव्हा वडिलांनी बेल्टचं झाकण काढायला लावलं. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली. त्यांनी पुली हाताने फिरवली आणि खाचेत बोट घातलं.

"अरे, आधी बुडाला बघ. बूड चकाकतंय. पट्टा खाली टेकतोय तिथं."

"आबा, बेल्ट कालच घातलाय, नवीन आहे."

"नवीन असंल. बारीक हाय."

ते बरोबर होते. व्ही-बेल्टची पकड असते ती दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडांवर. बेल्ट ताणला की पाचरीसारखा खाचेत रुततो. ३६ अंशांच्या खाचेत या रुतण्यामुळे सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट पकड मिळते. बेल्टचं पोट खाचेच्या तळाला टेकलं की पाचर संपली. उरतो तो फक्त अरुंद, सपाट पट्टा. म्हणून खाचेच्या कडा चमकत असतील तर बेल्ट आपलं काम करतो आहे, आणि तळ चमकत असेल तर नाही. जुन्या यंत्राच्या बेल्टबद्दल एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर मी हीच तपासीन.

हिशेबही जुळत होता. चार मिलिमीटरने अरुंद बेल्ट त्या खाचेत सुमारे सहा मिलिमीटर खाली बसतो. दोन्ही पुल्यांवर सहा मिलिमीटर खाली बसला की त्याच्या वाटेची लांबी जवळपास दीड इंचाने घटते. म्हणजे आधीच लांब घेतलेला बेल्ट आणखी लांब ठरला, आणि आयडलर आपल्या हालचालीच्या शेवटच्या टोकाला जाऊन थांबला. ताण येणार कुठून?

मुळात मोजलेला बेल्ट हाच खोटा साक्षीदार होता. वर्षानुवर्षं चालून तो लांबीने वाढला होता आणि रुंदीने झिजला होता. शिवाय आधीच्या मालकाने बसवलेला बेल्ट तरी बरोबर होता याची खात्री कुणी दिली होती? अशा ट्रॅक्टरला हातात येईल तो बेल्ट घातलेला सर्रास सापडतो.

पुल्यांवरून माप

आता मापं पुल्यांची घेतली. दोन्ही खाचांची वरची रुंदी मोठ्या सेक्शनची, म्हणजे जास्त रुंद छेदाच्या बेल्टची, निघाली. लांबीसाठी वडिलांनी गिरणीतली युक्ती काढली. शेजाऱ्याच्या भंगारात त्याच रुंदीचा, कडा शाबूत असलेला एक लांब बेल्ट पडला होता. तो कापून पट्टी केली, दोन्ही खाचांत बसवून आयडलरवरून फिरवली, आयडलर हालचालीच्या मध्यावर धरला आणि जिथे टोकं एकमेकांवर आली तिथे खडूने खूण केली. पट्टी उलगडून बाहेरच्या अंगाने मोजली : ८२ इंच. दोरीने हे माप नीट मिळत नाही, कारण दोरी खाचेच्या तळाशी जाते.

पडताळा म्हणून नेहमीचं सूत्र वापरलं. दोन्ही शाफ्टमधलं अंतर दुप्पट करायचं, त्यात दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट मिळवायची, आणि व्यासांच्या फरकाचा वर्ग अंतराच्या चौपटीने भागून तोही मिळवायचा. शाफ्टमधलं अंतर साडेएकोणतीस इंच, पुल्या साडेनऊ आणि चार इंच. उत्तर साधारण साडेऐंशी इंच. आयडलर बेल्टला आत दाबतो त्याचा दीड-एक इंच वर. जुळलं.

इथे बाप-लेकांत एक गोंधळ झाला, तो इथल्या अनेक वाचकांचाही होऊ शकतो. वडील म्हणाले, "मग बी ८२ आण." आपल्याकडे गिरणीला, पंपाला, मळणी यंत्राला बेल्ट मागतात तो ए, बी, सी अशा सेक्शनने, आणि पुढचा आकडा आतून मोजलेल्या लांबीचा असतो. बी सेक्शनची बाहेरची लांबी आतल्यापेक्षा सुमारे तीन इंच जास्त भरते. म्हणजे ८२ इंच बाहेरचा हवा असेल तर तो बी ७९. बी ८२ आणला असता तर बाहेरून ८५ भरला असता. अमेरिकेतल्या दुकानांत दोन्ही पद्धतींचे बेल्ट एकाच भिंतीवर टांगलेले असतात : ५एल ८२० आणि बी ७९ शेजारी शेजारी, लांबी एकच, आकडे वेगळे. ए सेक्शनला हा फरक दोन इंचांचा धरायचा.

पर्याय

माप हातात आल्यावर चार पर्याय समोर होते.

पहिला, ५एल ८२०. स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा. पण हा हलक्या कामाचा वर्ग. १२ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चार इंची पुली फिरवतं तेव्हा बेल्ट सेकंदाला सुमारे १९ मीटर धावतो. सगळी ताकद चाकांकडे गेली तर ओढ ४७ किलोच्या आसपास येते. गवत कापताना त्यातला मोठा वाटा डेक खातो, त्यामुळे उन्हाळ्यात हा बेल्ट तगला असता. पात्याने गोठलेला बर्फ ढकलताना बसणारे हिसके त्याला किती झेपले असते, याची मला शंका होती.

दुसरा, बी ७९ किंवा त्याचाच दातेरी भाऊ बीएक्स ७९. हे कारखान्यातले बेल्ट. बीएक्सच्या कडा कापडात गुंडाळलेल्या नसतात, रबर उघडं असतं, आणि आतून खाचा असल्यामुळे तो छोट्या पुलीवर सहज वळतो. कॅटलॉगमध्ये त्याची क्षमता साध्या बीपेक्षा जास्त दिलेली असते.

तिसरा, लॉन आणि गार्डन यंत्रांसाठी बनवलेला बेल्ट : आत अ‍ॅरामिडचे दोर, बाहेर कापडाचं वेष्टण. अ‍ॅरामिडमधलं सर्वांना माहीत असलेलं नाव केव्हलार, एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा. ड्यूपॉन्टमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ते १९६५ मध्ये शोधलं. हा दोर जवळपास ताणलाच जात नाही. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ असाही की लांबीत चूक माफ होत नाही. पॉलिएस्टरचा बेल्ट चार दिवसांत थोडा सैलावून जुळवून घेतो. अ‍ॅरामिडचा आखूड घेतला तर आखूडच राहतो आणि पेडल दाबूनही सुटत नाही.

चौथा, मूळ पार्ट नंबरचा. वारस कंपनीच्या डीलरकडे तो दिसत होता, पण जुन्या नंबराचा नवा नंबर झाला होता, त्या बदलाला कोणत्या वर्षांचे ट्रॅक्टर धरले आहेत ते डीलरला सांगता येईना, आणि किंमत इतरांच्या दुपटीहून जास्त. ट्रॅक्टरची मॉडेल-पट्टी वाचता आली असती तर मी डोळे झाकून हाच घ्यायला सांगितला असता, किंमत कितीही वाटली तरी. इथे पट्टी गंजून गेली होती.

दुसरा निर्णय : कॅटलॉगमधला सगळ्यात ताकदवान

मालकांनी बीएक्स ७९ घेतला. त्यांचा विचार सरळ होता. बेल्ट घसरत होता, म्हणून सगळ्यात जास्त पकडणारा आणला. घसरण्याचा प्रश्न एका झटक्यात मिटला. चढावर डेक चालू ठेवून ट्रॅक्टर तिसऱ्या गिअरमध्येही मंदावला नाही.

पण गिअर बदलताना करकर आवाज येऊ लागला. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकायला गेलं की दाते घासायचे. एकदा पेडल दाबून उभा केलेला ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकला आणि शेडच्या दारापाशी जाऊन ब्रेकवर थांबला. दारात कुणी नव्हतं. नुकसान झालं नाही, पण या क्षणी मी मालकांना किल्ली काढून ठेवायला सांगितली. घसरणारा बेल्ट आणि न सुटणारा बेल्ट यांत दुसरा जास्त धोकादायक. घसरणारा काम थांबवतो, न सुटणारा माणसाच्या अंगावर येऊ शकतो.

कारण शोधायला एक साधी चाचणी केली. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, इंजिन मंद गतीवर, एक जण सीटवर बसून पेडल पूर्ण दाबतो आणि दुसरा लांब उभा राहून गिअरबॉक्सची मोठी पुली थांबते का ते पाहतो. हात कुठेही आत नाही, सैल कपडे नाहीत. पुली थांबली तर बेल्ट सुटतो आहे. इथे ती फिरतच राहिली, वेग फारसा कमी न होता.

दोन संशयित होते. एक, उघड्या रबराच्या कडा. कापडात गुंडाळलेला बेल्ट सैल पडला की पुलीवरून गुळगुळीत सरकतो, उघडं रबर मात्र सैल असतानाही चिकटून ओढत राहतं. दुसरा, बेल्ट गाइड. इंजिनच्या पुलीभोवती वाकवलेल्या सळ्या असतात. बेल्ट ताणलेला असताना त्या आणि बेल्ट यांच्यात थोडी फट असते, दीड ते तीन मिलिमीटरची. पेडल दाबल्यावर सैल झालेला बेल्ट बाहेर फुगतो, गाइडला टेकतो आणि त्याच आधाराने पुलीवरून उचलला जातो. गाइड नसेल किंवा दूर वाकला असेल तर बेल्ट पुलीला मिठी मारूनच राहतो. इथला गाइड चांगला बोटभर दूर वाकलेला होता. आधीच्या कुणीतरी बेल्ट काढताना तो वाकवून तसाच सोडला असावा.

दोन्ही गोष्टी एकदम बदलायचा मोह होता. तसं केलं नाही, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय, आणि तो मालकांचा. त्यांनी आधी फक्त गाइड सरळ करून फट दोन मिलिमीटरवर आणली आणि त्याच बीएक्सवर चाचणी पुन्हा केली. मोठी पुली मंदावली, पण थांबली नाही. म्हणजे गाइड दोषी होता, एकटा नव्हता.

काय केलं

मग कापडी वेष्टणाचा, अ‍ॅरामिड दोरांचा, बाहेरून ८२ इंचांचा, मोठ्या सेक्शनचा बेल्ट मागवला. तो येईपर्यंत पुल्या तपासल्या. खाचेच्या कडेला सरळ पट्टी लावून मध्ये किती उजेड दिसतो ते पाहिलं. गिअरबॉक्सच्या पुलीची कड जवळपास सरळ होती. इंजिनच्या छोट्या पुलीची कड आत खोलगट झाली होती, एक मिलिमीटरहून जास्त. ०.८ मिलिमीटरच्या पुढे झीज गेली की पुली बदलावी असा या धंद्यातला नियम आहे. तसल्या खाचेत नवा बेल्ट घातला की त्याच्या कडा खोलगट जागेत घासून महिन्याभरात जुन्यासारख्या होतात.

इथे मालक थोडे अडले. पुली बेल्टपेक्षा महाग, आणि काढायची म्हणजे गंजलेले सेट स्क्रू, चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली लोखंडी पट्टी), पुली ओढून काढायचा पुलर, सगळा उपद्व्याप. शेजाऱ्यांचं मत होतं की आधी बेल्ट घालून चालवून पाहा. मी आणि वडील दोघेही पुली बदलण्याच्या बाजूचे. जुनी पुली काढायला गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवावी लागली. हातोड्याने ठोकून काढायचा विचार मी हाणून पाडला, कारण तो धक्का इंजिनच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. नवी पुली घेताना बाहेरचा व्यास, खाचेचा सेक्शन, शाफ्टचा व्यास आणि चावीची रुंदी अशी चार मापं जुळवली. व्यास बदलला असता तर ट्रॅक्टरचा वेग बदलला असता आणि बेल्टची लांबी पुन्हा मोजावी लागली असती.

बेल्ट चढवताना एकच काळजी : स्क्रूड्रायव्हरने उचकायचा नाही, मुरडायचा नाही. अ‍ॅरामिडचा दोर ओढीला भक्कम असतो, पण तीव्र घडी पडली की आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आयडलरची स्प्रिंग सोडून बेल्ट हाताने बसवला.

निकाल

चाचणीत पेडल दाबल्यावर मोठी पुली दोन-तीन सेकंदांत थांबली. गिअर आवाज न करता पडू लागले. चढावर घसरण नाही. बेल्टची पाठ दोन्ही पुल्यांच्या कडेला समपातळीत, खाचेचा तळ कोरडा आणि मळकट, जसा असावा तसा.

पहिल्या काही तासांनी पुन्हा झाकण काढून पाहिलं तेव्हा बेल्टच्या एकाच कडेचं कापड उसवलेलं दिसलं. आयडलरचा दांडा ज्या पिनवर हलतो ती पिन झिजून दांडा तिरका होत होता, त्यामुळे आयडलर बेल्टला एका बाजूला ढकलत होता. पिनला नवं बूश आणि आयडलरला नवं बेअरिंग टाकल्यावर ते थांबलं. उसवलेली कड तशीच आहे, वाढलेली नाही. त्या हिवाळ्यात ट्रॅक्टरने बर्फही ढकलला. ओल्या बर्फात दोनदा-तीनदा घसरला, बेल्ट सुकल्यावर पुन्हा नीट चालला. हे कुठल्याही बेल्टचं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पुल्या आधी पाहायला हव्या होत्या. झाकण काढून खाचेचा तळ, कडांची झीज, आयडलरचा डगमग आणि गाइडची फट हे सगळं अर्ध्या तासात, एक पैसा खर्च न करता दिसलं असतं. दोन बेल्ट वाया गेले ते यामुळे. बीएक्स अगदी वाया गेला असंही नाही. शेजाऱ्यांच्या हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) ट्रॅक्टरला योगायोगाने तीच लांबी आणि तोच सेक्शन लागत होता. त्यात बेल्ट कायम ताणलेला असतो, सोडण्याचं काम हायड्रॉलिक पंप करतो, त्यामुळे उघड्या कडांनी बिघडत नाही. निवड करताना ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे हा प्रश्न म्हणूनच पहिला. काही वर्षांच्या जॉन डिअर ११० सारख्या, मध्ये हलती पुली आणि दोन बेल्ट असलेल्या रचनेला या प्रकरणातलं फारसं लागू होणार नाही. तिथे दोन्ही बेल्टची लांबी एकमेकांवर अवलंबून असते.

ताणाचा एक नियम पुस्तकांत सापडतो : पुल्यांमधल्या दर इंच अंतरामागे इंचाचा चौसष्टावा भाग इतका बेल्ट दबला पाहिजे. मालकांनी पहिल्या बेल्टच्या वेळी तो लावून पाहिला होता. स्प्रिंगच्या आयडलरला तो उपयोगाचा नाही. इथे ताण स्प्रिंग ठरवते. पाहायचं ते एवढंच की पेडल सोडल्यावर आयडलर हालचालीच्या मध्याजवळ उभा राहतो की एका टोकाला जाऊन अडकतो.

सरकण्याची चाचणी पहिल्याच दिवशी, उघड्या सपाट जागेवर करायला हवी होती. ट्रॅक्टर शेडच्या दारापाशी सरकला तेव्हाच ती सुचली.

एका मुद्द्यावर मालकांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं, पुली, गाइड आणि आयडलर दुरुस्त केल्यावर कापडी वेष्टणाचा साधा पॉलिएस्टर बेल्टही चालला असता आणि पैसे वाचले असते. गवतापुरतं ते बरोबर आहे, आणि फक्त गवत कापणाऱ्या कुणाला मी तोच घ्यायला सांगीन. पण थंडीत गोठलेल्या ढिगाला पातं भिडतं तेव्हा साधा बेल्ट हिसक्यागणिक थोडा लांबत जातो, आणि आयडलरची उरलेली हालचाल संपली की पुन्हा मे महिन्यातल्या चढावर येऊन उभं राहावं लागतं. वडील गावी परतण्याआधी विचारलं तर ते म्हणाले, "गिरणीला मी साधाच घालायचो. पण गिरणी रोज डोळ्यासमोर असायची. तुझा ट्रॅक्टर महिनाभर शेडात पडून असतो." मालकांनी पुढच्या वेळेसाठी साधा बेल्ट आणून ठेवला आहे. या वर्षीचं गवत संपलं की ते दोन्ही बेल्ट आळीपाळीने लावून पाहणार आहेत.